टेलची बांधी : पेंचच्या एका लघुकालव्यावरच्या प्रकल्प नोंदी

९ जून

आजपासून काम सुरू. नागपूर जिल्ह्याच्या मौदा तालुक्यातला पेंच प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचा एक लघुकालवा आणि त्यावरची पाणी वापर संस्था, म्हणजे शेतकऱ्यांनीच पाणीवाटपासाठी चालवलेली संस्था. पुच्छ भागातल्या, म्हणजे टेलच्या, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या लोकांचं वर्षानुवर्षांचं एकच म्हणणं आहे : "नहराले पानी रायते जी, पन आमच्या बांधीत येत नाही." बांधी म्हणजे धुऱ्यांनी, म्हणजे मातीच्या बांधांनी, वेढलेलं धानाचं शेत. खरीप आणि रब्बी असे दोन हंगाम संस्थेसोबत राहून पाणी मोजायचं, पाळीपत्रक (कोणाला कधी आणि किती तास पाणी, याचं वेळापत्रक) बसवायचं आणि रोजच्या नोंदी ठेवायच्या, असं ठरलं आहे.

संचालकांच्या पहिल्या बैठकीत धरणापासून शेतापर्यंतचा रस्ता फळ्यावर काढला. तोतलाडोह धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १,०१७ दलघमी (दशलक्ष घनमीटर). खाली नवेगाव खैरीचं धरण, सुमारे १४२ दलघमी. तिथून उजवा आणि डावा कालवा, मग शाखा, वितरिका, लघुकालवा, विमोचक (कालव्यातून शेताकडे पाणी सोडायचं तोंड), शेतचारी. याच पाण्यावर नागपूर शहराची तहान भागते, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं चालतात. वर छिंदवाडा जिल्ह्यात चौराईचं धरण झाल्यापासून तोतलाडोहला येणारं पाणी पूर्वीसारखं राहिलेलं नाही, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २०१९ च्या जुलैत तोतलाडोह मृतसाठ्यावर (नेहमीच्या दारांतून न निघणाऱ्या तळच्या पाण्यावर) गेलं, नागपुरात दिवसाआड नळ आले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात धरणाचे दरवाजे उघडावे लागले. असं पाणी हिशेबात बसवायचं आहे.

पेपरात रोज छापून येते ती धरणाची टक्केवारी. ती वाचून टेलच्या शेतकऱ्याला काहीच कळत नाही. त्याला पाहिजे तारीख, वार आणि तास. हे भाषांतर करून देणं हेच आमचं काम, असं मी पहिल्याच पानावर लिहून ठेवतो आहे.

१६ जून

शिवारफेरी. शीर्षापासून टेलपर्यंत पायी. सोबत दोन संचालक, पाटकरी (कालव्याचं पाणी सोडणारा माणूस) आणि टेलच्या एक काकू. काकूंचे यजमान गेल्यापासून शेती त्याच पाहतात. कायद्याने संस्थेच्या संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांचे लोक लागतात. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यातली मला सगळ्यात पटलेली तरतूद हीच. टेलचा माणूस सभेत बसला की टेलचा प्रश्न इतिवृत्तात येतो.

लघुकालव्यात बेशरम वनस्पती माजली आहे, दोन ठिकाणी काठ खचला आहे, मधल्या भागात गाळ चढलाय. आठ विमोचकांपैकी तीन विमोचकांना झडपाच नाहीत. तिथे पोत्यात माती भरून तोंड बंद करतात. सगळं मोबाइलवर टिपून घेतलं. पाऊस लागायच्या आत निदान बेशरम निघाली पाहिजे. श्रमदानाचा वार रविवार ठरला.

२४ जून

आजचा पूर्ण दिवस मुखाशी असलेल्या फ्ल्यूमवर गेला, आणि तो सार्थकी लागला.

लघुकालव्याच्या तोंडाशी पार्शल फ्ल्यूम (प्रवाह मोजायची अरुंद गळ्याची पन्हळ) आहे, गळा दोन फुटांचा. गेजपट्टी (पाण्याची उंची दाखवणारी पट्टी) शेवाळाने हिरवी झाली होती, ती घासून आकडे पुन्हा रंगवले. या फ्ल्यूमवर एक फूट पाणी चढलं की प्रवाह ८ क्युसेक (सेकंदाला आठ घनफूट) असतो. पाणी अर्ध्या फुटावर आलं तर प्रवाह ४ क्युसेक होईल असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो पावणेतीनच्या आसपास राहतो. म्हणजे पट्टीवर पाणी निम्मं झालं की कालव्यात ते तिसऱ्या हिश्श्यावर येतं. हे कळल्यावर एक संचालक बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मंजे अर्धा गेज पाहून आमी निम्मं पानी भेटलं म्हणत होतो, ते निम्मं नोतंच." टेलच्या निम्म्या तक्रारी या एका गोष्टीतून उलगडतात. वरून गेज थोडा जरी उतरला तरी पाणी खूपच कमी होतं, आणि हे कमी झालेलं पाणी शीर्षाच्या चार विमोचकांतच संपून जातं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. फ्ल्यूमच्या लगेच खाली कोणीतरी मोठे दगड टाकून ठेवले आहेत. पहिल्या विमोचकाला पाणी चढावं म्हणून. त्यामुळे फ्ल्यूमच्या खालचं पाणी फुगतं. खालची उंची वरच्या उंचीच्या सत्तर टक्क्यांपलीकडे गेली की या मापाचा फ्ल्यूम बुडतो आणि पट्टी खऱ्यापेक्षा जास्त प्रवाह दाखवते. संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने मिळतं, पाणीपट्टी मोजलेल्या घनमीटरवर बसते. म्हणजे दगडांमुळे संस्था न मिळालेल्या पाण्याचे पैसे भरणार आणि टेल कोरडं ते कोरडंच राहणार.

दगड टाकणाऱ्या भाऊंच्या घरी संध्याकाळी चहाला गेलो. भांडायला नाही. त्यांची बांधी खरोखरच उंचावर आहे, कमी गेजवर तिथे पाणी चढत नाही. शीर्षाचा शेतकरी म्हणजे पाणीचोर असं सरसकट बोलणं मला पटत नाही. त्याची अडचण सोडवल्याशिवाय टेलला पाणी जाणार नाही. तोडगा असा निघाला : दगड काढायचे, विमोचकाच्या खाली, फ्ल्यूमपासून पुरेसं दूर, दोन्ही काठांना खाचा करून लाकडी फळी बसवायची. त्यांची पाळी असेल तेवढे तास फळी खाली, पाळी संपली की वर. फळीची फूग फ्ल्यूमपर्यंत येत नाही ना, हे पाणी सुटल्यावर दोन्ही बाजूंनी मोजून पाहायचं.

१८ जुलै

धानाचे पऱ्हे (रोपं) तयार, रोवणीला (लावणीला) सुरुवात. पाऊस बरा आहे, नहराची गरज नाही. चिखलणी पावसाच्याच पाण्यावर उरकली तर धरणातलं तेवढं पाणी रब्बीसाठी राहतं, म्हणून सगळ्यांना सांगितलं की धुरे बांधून घ्या, पडलेलं पाणी बांधीतच अडवा. बहुतेकांनी ते आधीच केलं होतं. इथल्या लोकांना धुरा बांधायला शिकवायची गरज नाही.

गावचा मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळातला) अर्ध्याच्या वर भरला आहे. त्याचा पाट आणि तुडूम (पाणी सोडायचं तोंड) तपासून घ्यायला सरपंचांना सांगितलं.

२७ ऑगस्ट

तोतलाडोहचे दरवाजे उघडले. गावात संताप. "आमाले पाणी द्याले नाही आन् नदीत सोडून देऊन रायले!" हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी त्याला अर्धवट उत्तर मिळतं, म्हणून आज चावडीवर बसून नीट बोललो.

धरण भरतानाचं वेळापत्रक ठरलेलं असतं, जलाशय परिचालन सूची. जूनअखेर, जुलैअखेर, ऑगस्टअखेर कुठल्या पातळीपर्यंत पाणी ठेवायचं ते त्यात असतं. ऑगस्टातच धरण शंभर टक्के भरून ठेवलं आणि सप्टेंबरात वर मोठा पाऊस झाला, तर एकदम सगळे दरवाजे उघडावे लागतात आणि पेंच-कन्हानच्या काठची गावं पाण्यात जातात. म्हणून वरची थोडी जागा पुरासाठी रिकामी ठेवायची आणि पाऊस ओसरायच्या सुमारास धरण पूर्ण भरायचं. त्यात जोखीमही आहे. सप्टेंबर कोरडा गेला तर सोडलेलं पाणी परत येत नाही. ती जोखीम शेतकऱ्यांपासून लपवू नये. एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "मंग त्यातलं थोडं आमच्या तलावात काऊन नाही सोडत?" प्रश्न अगदी योग्य आहे. कालव्याची वहनक्षमता आणि तलावापर्यंतची चारी, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतील. मालगुजारी तलाव लाभक्षेत्रातच असेल तर पावसाळ्यातलं जादा पाणी गावातच साठवण्यासारखं दुसरं स्वस्त काम नाही. चारीचं सर्वेक्षण कामाच्या यादीत घेतलं.

१९ सप्टेंबर

पावसाने दडी मारली आहे. हलका (लवकर येणारा) धान निसवला, म्हणजे लोंब्या बाहेर आल्या, मध्यम धान पोटरीत आला, आणि बांध्यांना भेगा पडायला लागल्या. या दिवसांत पाणी चुकलं तर लोंबीत पळंज (पोकळ दाणा) राहते. नंतर कितीही पाणी दिलं तरी ती भरत नाही. खरिपाच्या संरक्षित आवर्तनासाठी (पावसाने ओढ दिली की पीक वाचवायला कालव्याला पाणी सोडायची फेरी) संस्थेची मागणी गेल्याच आठवड्यात लेखी दिली होती. उद्या सकाळी पाणी सुटणार, असा निरोप आला.

रात्री उशिरापर्यंत पाळीपत्रक पक्कं केलं. हिशेब साधा ठेवला आहे, कोणालाही बोटांवर करता येईल असा. एक क्युसेकची धार तासाला सुमारे १०२ घनमीटर पाणी देते. एकरावर ७५ मिलिमीटर पाणी द्यायचं तर सुमारे ३०४ घनमीटर लागतं. म्हणजे एका क्युसेकवर एकराला तीन तास. चारीची गळती धरून आम्ही चार तास धरले. ज्याचे दोन एकर, त्याचे आठ तास. पत्रक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, किराणा दुकानाबाहेर आणि व्हॉट्सॲपवर. सुरुवात टेलपासून.

२० सप्टेंबर

सकाळी गेज एक फूट. फळी काढलेली. पाणी टेलला पोचायला दुपार झाली, कारण कोरडा कालवा आधी स्वतःच पाणी पितो.

चारच्या सुमारास काकूंच्या बांधीत पाणी पडलं. आधी भेगांमध्ये बुडबुडे येत राहिले, जमीन फुगली, मग कुठे पाणी धुऱ्यापर्यंत सरकू लागलं. काकू चारीच्या तोंडाशी फावडं घेऊन उभ्या होत्या, आठ तासांपैकी एक मिनिटही वाया जाऊ नये म्हणून.

२२ सप्टेंबर

काल रात्री गेज अर्ध्यावर उतरला. वितरिकेवरच्या दुसऱ्या लघुकालव्याचे दरवाजे जास्त उघडले गेले होते. फोन केले, सकाळी गेज पूर्ववत. मधल्या दहा तासांत ज्यांची पाळी होती त्यांना तिसऱ्या हिश्श्याचंच पाणी मिळालं. नियम लगेच ठरवला : गेज दर दोन तासांनी लिहायचा, आणि पाऊण फुटाखाली गेला तर ते तास पाळीत धरायचे नाहीत, पुढे भरून द्यायचे. गेज लिहायला गावातली दोन पोरं तयार झाली आहेत, बारावी झालेली. त्यांना संस्थेने रोजंदारी द्यावी असं मी सुचवलं आणि ते मान्य झालं.

रात्रीच्या पाळीबद्दल. एकट्या बाईने किंवा म्हाताऱ्या माणसाने मध्यरात्री सापा-रानडुकरांच्या भीतीत बांधीवर उभं राहावं, हे बरोबर नाही. या आवर्तनात ज्यांना रात्र आली त्यांना पुढच्यात दिवस, हे पत्रकातच छापायचं. आणि ज्यांना रात्री शक्यच नाही त्यांची पाळी शेजाऱ्याशी बदलून द्यायची जबाबदारी संस्थेची. हा ठराव काकूंनी मांडला.

१ ऑक्टोबर

आवर्तन संपलं. शीर्षाच्या तिघांनी पाळीबाहेर पाणी घेतलं, संस्थेने नोटीस दिली. बाकी सुरळीत.

१६ ऑक्टोबर

काल १५ ऑक्टोबर. याच तारखेच्या साठ्यावर रब्बी आणि उन्हाळ्याचं नियोजन होतं. सिंचनाच्या हिशेबात खरीप हंगामही १४ ऑक्टोबरलाच संपतो, पण भारी (उशिरा येणारा) धान अजून शेतात उभा आहे आणि त्याला शेवटचं पाणी लागेलच. कॅलेंडर आणि पीक यांची ही ओढाताण पूर्व विदर्भात कायमची आहे. कालवा सल्लागार समितीकडे जाणाऱ्या आमच्या पत्रात ती पहिल्याच परिच्छेदात घातली.

रब्बीची मागणी गोळा झाली : हरभरा १२० हेक्टर, गहू ९० हेक्टर. दिवसभर बसून पाण्याचं अंदाजपत्रक केलं.

त्याच ७५ मिलिमीटरच्या हिशेबाने २१० हेक्टरला एका पाण्यासाठी शेतावर १,५७,५०० घनमीटर. तीस टक्के गळती धरली तर लघुकालव्याच्या मुखाशी २,२५,००० घनमीटर. आठ क्युसेक दिवसरात्र चालला तर रोज साडेएकोणीस हजार घनमीटर, म्हणजे एका आवर्तनाला साडेअकरा दिवस. हरभऱ्याला दोन पाणी, गव्हाला तीन. तिसरं आवर्तन फक्त गव्हाचं, पाच दिवसांत उरकेल. सगळं मिळून ०.५५ दलघमी.

हा आकडा लिहून मी त्याच्याशेजारी दुसरा लिहिला. नागपुरात भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, रोज १३० दशलक्ष लिटर, म्हणजे ०.१३ दलघमी. तेवढं पेंचचं पाणी वाचतं. आमच्या लघुकालव्याचा अख्खा रब्बी त्या सव्वाचार दिवसांच्या पाण्यात बसतो. शहराने वापरलेलं पाणी पुन्हा कामाला लावलं तर ते शेतकऱ्यासाठी किती मोठं असतं, हे सभेत सांगायला यापेक्षा सोपा हिशेब मला सापडला नाही. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योग होता, २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. कागदावरचा हा क्रम बांधीत उतरायचा तर असं एकेक दलघमी कुठून तरी मोकळं करावं लागतं.

२१ ऑक्टोबर

पेरणी आणि आवर्तन जुळवायला बसलो. या बैठकीतली चर्चा मला सगळ्यात जास्त आवडली, कारण यात आकडे आमचे आणि शहाणपण शेतकऱ्यांचं होतं.

गव्हाला पहिलं पाणी २०-२२ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना. दुसरं ४०-४२ दिवसांनी, तिसरं ६०-६५ दिवसांनी. हरभऱ्याला एक फुलोऱ्याच्या सुमारास, साधारण ४५ दिवसांनी, आणि एक घाटे भरताना. हरभरा ऑक्टोबरअखेर पेरला आणि गहू नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, तर दोघांचं पहिलं पाणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकत्र येतं. दुसरं डिसेंबरअखेर. तिसरं, गव्हाचं, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. दोन पिकं, आवर्तनं तीनच.

पण आवर्तन बारा दिवस चालणार, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या पाळीत बारा दिवसांचं अंतर. यावर मधल्या भागातल्या एका भाऊंनी तोड सुचवली : "पाणी टेलकून सुरू होते ना, मंग पेरणीही टेलकून सुरू करा. ज्याले पाणी आधी, तो पेरन आधी." कृषी सहायकांनी लगेच मान डोलावली. टेलला हलका धान जास्त आहे, शेत आधी मोकळं होतं, त्यामुळे हे जमण्यासारखं आहे. ज्यांचा भारी धान आहे ते शीर्षाला, त्यांची पेरणी उशिरा, पाणीही उशिरा.

१४ नोव्हेंबर

आवर्तनाच्या तारखा आल्या. पहिलं आवर्तन आमच्या मागणीपेक्षा पाच दिवस उशिरा. टेलच्या हलक्या जमिनीतल्या हरभऱ्याला हे जड जाईल. पत्रकात बदल : टेलमध्येही मुरमाड बांध्या आधी, काळी कन्हार नंतर. काळ्या जमिनीत ओल टिकते, तिथे हरभऱ्याला जास्त पाणी झालं तर तो माजतो (नुसता वाढतो) किंवा उबळतो (सुकून जातो). तिथल्या दोघांनी पहिलं पाणी सोडून द्यायची तयारी दाखवली. त्यांचे तास मुरमाड जमिनीला दिले.

१२ डिसेंबर

पाणी सुटलं. गेज एक फूट, फळीची फूग फ्ल्यूमपासून लांब. दोन्ही बाजूंनी मोजून खात्री केली.

२५ डिसेंबर

पहिलं आवर्तन पूर्ण. मुखाशी मोजलेलं पाणी आणि विमोचकांवर मिळालेलं पाणी यांचा ताळा लावला. श्रमदानात साफ केलेल्या टप्प्यात गळती धरलेल्या तीस टक्क्यांपेक्षा कमी भरली, खचलेल्या काठाच्या टप्प्यात जास्त. संस्थेचे दुरुस्तीचे पैसे कुठे घालायचे हे आता ठराविक मीटरसकट सांगता येतं. संचालकांनी आधी मुखाशी सिमेंटचं काम करायचं मनात धरलं होतं. हे आकडे पाहून त्यांनी खचलेला काठ आधी घ्यायचं ठरवलं.

टेलच्या हरभऱ्याला घाटे चांगले लागले आहेत.

११ फेब्रुवारी

तिन्ही आवर्तनं झाली. आज उन्हाळी धानावर सभा, आणि ती तापली. काही जणांना उन्हाळी धान घ्यायचाच आहे. भाव बरा मिळतो, घरात पैसा येतो, त्यांची निकड खरी आहे. पण उन्हाळी धानाला गव्हाच्या तिपटीच्या आसपास पाणी लागतं, आणि ते मार्च ते मेमध्ये, शहराची मागणी चढलेली असताना. माझं मत मी सभेत स्पष्ट मांडलं : मान्सून लांबला तर काय, याचं उत्तर हातात असल्याशिवाय या लघुकालव्यावर उन्हाळी धानाची मागणी नोंदवू नये. ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांनी उन्हाळी मूग किंवा भुईमूग पाहावा. दोन तास चर्चा होऊन बहुमताने तसाच ठराव झाला. ज्यांना तो पटला नाही त्यांचं म्हणणंही इतिवृत्तात लिहून घेतलं, त्यांच्या सह्यांसकट.

२ मार्च

कालवा बंद. पुढच्या खरिपाआधीची कामं : खचलेल्या काठाची दुरुस्ती, तीन विमोचकांना झडपा, मधल्या भागातला गाळ काढून मागेल त्याच्या शेतात टाकणं, आणि तलावाच्या चारीचं सर्वेक्षण. चारीची पातळी घ्यायला डम्पी लेव्हल (जमिनीचा चढउतार मोजायचं यंत्र) शनिवारी नागपूरहून येते आहे. विमोचकापासून तलावाच्या तोंडापर्यंत उतार मिळाला, तर प्रस्ताव याच महिन्यात द्यायचा. गेज लिहिणाऱ्या पोरांनी वर्षभराची वही संगणकावर चढवली असून तिची एक प्रत संस्थेच्या कपाटात आणि एक ग्रामपंचायतीत ठेवली आहे.